गावशाळेच्या जुन्या-नव्या रीती



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तलवारी आणि तहनामे उभे राहतात. मी महाविद्यालयात इतिहासच शिकवतो, तेव्हा किल्ल्यांशी माझे काही वैर नाही. पण ज्या वास्तूत गावातले बहुतेक प्रत्येक माणूस चार वर्षे तरी मांडी घालून बसलेले असते, तिचा इतिहास आपण सहसा कोणाला विचारीत नाही. ती वास्तू म्हणजे गावची प्राथमिक शाळा. आज आपल्या परभणी भागातल्या, गोदाकाठच्या आणि दुधना-पूर्णेच्या खोऱ्यातल्या गावशाळांच्या काही लहानसहान रीतींविषयी बोलावे असे योजले आहे. या रीती दिसायला क्षुल्लक असतात. पण एखादी रीत हातात धरून मागे मागे चालत गेले, तर माणूस कोठल्या कोठे जाऊन पोहोचतो!

आता 'ओनामा' हा शब्दच घ्या. एखाद्या कामाला आरंभ झाला की आपण म्हणतो, 'चला, कामाचा ओनामा झाला.' हा शब्द शाळेतून आला. मूल शाळेत घातले की पंतोजी त्याचा हात आपल्या हातात धरीत आणि धूळपाटीवर त्याच्याकडून पहिली अक्षरे गिरवून घेत. ती अक्षरे 'ॐ नमः सिद्धम्' अशी असत. लेकरांच्या तोंडी त्याचे 'ओनामासिधं' झाले, आणि पुढे मागचे सगळे गळून नुसता 'ओनामा' उरला. त्याचा अर्थ कोणी विचारीत नसे. पंतोजींना तरी तो ठाऊक असेलच असे नाही.

पण ही रीत फार जुनी. नाशिकच्या लेण्यांतले सातवाहन राजांचे लेख 'सिद्धं' याच शब्दाने उघडतात, म्हणजे गोष्ट सुमारे १९०० वर्षांमागची झाली. जैन परंपरेतही सिद्धांना वंदन करून कार्यारंभ करतात; आणि जैनांचा वावर आपल्या भागाला परका नाही, जिंतूरजवळच्या नेमगिरीची लेणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. शिवाय कातंत्र नावाचे एक जुने, सोपे संस्कृत व्याकरण आहे. त्याचे पहिले सूत्र 'सिद्ध' याच शब्दाने सुरू होते, आणि उत्तरेकडच्या गावशाळांत ओनाम्यापाठोपाठ ते सूत्रही मोडक्यातोडक्या उच्चारात घोकवून घेत असत.

या कातंत्राची जन्मकथा मोठी गमतीची आहे. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या 'कथासरित्सागरा'त ती येते. पैठणचा सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करीत होता. एक राणी संस्कृतात म्हणाली, आता मला पाण्याने मारू नका. 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी होऊन 'मोदकैः' झाले, आणि राजाला वाटले की राणी मोदक मागते आहे! त्याने मोदकांची ताटे मागवली. राणी हसली. राजा इतका शरमला की व्याकरण शिकल्याशिवाय तोंड दाखवणार नाही म्हणून बसला. गुणाढ्य पंडित म्हणाला, सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. शर्ववर्म्याने मग जे सोपे व्याकरण रचले, ते कातंत्र. कथा खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवा. प्रौढ माणसाला लवकर शिकता यावे म्हणून सोपे पुस्तक रचावे लागते, ही जाण आपल्या गोदावरीच्या काठी इतक्या जुन्या काळी होती, एवढे मला त्यातून घ्यावेसे वाटते.

पंतोजींची शाळा भरे ती मारुतीच्या देवळात, चावडीत, नाहीतर एखाद्या वाड्याच्या ओसरीवर. लाकडी पाटीवर विटकरीची बारीक पूड पसरायची आणि काडीने अक्षर काढायचे, तीच धुळाक्षरे. पुढे बोरू आणि शाई. शाई घरीच करायची: दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक. बाभळीला आपल्याकडे तोटा कधीच नव्हता. पंतोजींचे वेतन धान्याचे, सुगीत ज्वारी मोजून मिळायची. आणि सणावाराला शिधा. संध्याकाळी परवचा. तीत पाढे, वार, तिथी, नक्षत्रे, संवत्सरे असे सगळे एका सुरात म्हणायचे. दंड म्हणून अंगठे धरायला लावणे हा प्रकार तर तुमच्या-माझ्या काळापर्यंत टिकून होता.

त्या शाळेचे खरे धन म्हणजे अपूर्णांकांचे पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. आज ही नावे ऐकून मुले हसतात. पण हिशेब करून बघा. साडेतीन आणे शेराने अकरा शेर जिन्नस घेतला, पैसे किती? औटकी येणारा माणूस पापणी लवायच्या आत सांगे: साडे अडतीस आणे, म्हणजे दोन रुपये साडेसहा आणे. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण असलेल्या बाजारात ज्याला औटकी येत नाही, तो सावकाराच्या आणि अडत्याच्या तोंडी गेलाच म्हणून समजा. आपल्याकडे तर आणखी एक भानगड होती. निजामाचा हाली रुपया वेगळा आणि इंग्रजांचा कलदार वेगळा; सुमारे सात हाली म्हणजे सहा कलदार. १९५७ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि औटकीचे राज्य संपले. फार हळहळू नये. जो पाढा बाजारात उपयोगाचा नाही तो शाळेतून जायचाच. पण तो शाळेत आला होता तो बाजारातून, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

आता निजामी अमदानीकडे येऊ. १८६५ साली सालारजंगांनी जिल्हाबंदी केली, तीत परभणी हा जिल्हा झाला. सरकारी शाळाही हळूहळू आल्या. प्राथमिक शाळा ती तहतानिया, तिच्यापुढची वस्तानिया आणि तिच्याही पुढची फौकानिया. इयत्तेला 'जमात' म्हणत, परीक्षेला 'इम्तिहान', मुख्याध्यापकाला 'सदर मुदर्रिस'. आठवड्याची सुट्टी रविवारी नव्हे, शुक्रवारी, म्हणजे जुम्म्याला. दिवसाचा आरंभ निजामाला दीर्घायुष्य चिंतणाऱ्या प्रार्थनेने होई. खालच्या वर्गांत मराठी असे, पण वर चढावे तसतशी उर्दू चढत जाई; १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे. ज्या मुलाच्या घरात उर्दूचा गंधही नाही, त्याने भूगोल आणि गणित उर्दूतून शिकायचे! पुष्कळ लेकरे चौथ्या जमातीतच शाळेला रामराम ठोकीत, त्याचे एक कारण हे होते.

उर्दू ही गोड आणि समृद्ध भाषा आहे, आणि त्या पिढीतल्या पुष्कळ मराठी माणसांनी तिच्यावर मनापासून प्रेम केले. तक्रार भाषेविषयी नव्हती, सक्तीविषयी होती. खाजगी शाळा काढायला परवानगी, सभा भरवायला परवानगी. सभाबंदीच्या त्या हुकमाचे 'गश्ती निशाण त्रेपन्न' हे नाव जुन्या माणसांना तोंडपाठ असे. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. मातृभाषेतून शिक्षण हा त्या चळवळीचा जिव्हाळ्याचा प्रश्न होता. आणि या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हे स्वतः हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांत शिकवणारे गुरुजी, हा काही योगायोग नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. जुम्म्याची सुट्टी गेली, रविवार आला, प्रार्थना बदलली. आज १७ सप्टेंबरला आपल्या शाळांत झेंडावंदन होते. उर्वरित महाराष्ट्रातल्या मुलांना ते ठाऊकही नसते. तिकडचे झेंडावंदन वर्षातून तीनदा, म्हणजे २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. आपले एक जास्त. ते कशाचे, असे चौथीतल्या मुलाने विचारले तर सांगता आले पाहिजे.

शाळेतली सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे मला विचाराल तर मी दाखल-खारीज रजिस्टर दाखवीन. संस्थानी काळातल्या नोंदी फसली सनात असतात. आजूर, दै, बहमन अशी महिन्यांची नावे पाहून नवे गुरुजी गोंधळतात. हिशेब सोपा आहे. फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातली नोंद असेल तर फसली सनात ५९० मिळवावेत, त्यानंतरची असेल तर ५९१. अमरदाद १३४५ फसली अशी नोंद सापडली, तर तो १९३६ चा जून-जुलै समजावा.

मुक्तीनंतरच्या रजिस्टरांत आणखी एक नवल दिसते. पान उलटावे तर एका खाली एक, अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा! गावात जून महिन्यात काही चमत्कार होत असे, असे नाही. आई म्हणे, 'रझाकाराच्या गडबडीत झालं बघा हे लेकरू,' किंवा 'थोरल्याच्या पाठचं आहे, दोन पावसाळे मागं.' आईची स्मृती पक्की असे, पण ती रकान्यात बसत नसे. मग गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत. कान हाताला लागला, सहा वर्षे पूर्ण. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून तारीख १ जून. गुरुजींनी सहज टाकलेला हा आकडा माणसाला जन्मभर पुरला. पुढे नोकरी लागलेले हे सारे लोक ३१ मे रोजी एकदम निवृत्त होतात, आणि कचेऱ्यांत त्या दिवशी हारांचा तुटवडा पडतो. कोणाचे वर्षभर नुकसान झाले, कोणाचा फायदा. त्या आईला मात्र शेवटपर्यंत आपले लेकरू कोणत्या पावसाळ्यातले ते ठाऊक होते.

या रजिस्टरांची किंमत सरकारला २०२३ साली नव्याने कळली. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली कागदांबरोबर जुने शालेय दप्तरही उघडावे लागले. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली. ज्या शाळेने रजिस्टर कापडात बांधून कपाटात ठेवले होते, तिथे नोंद मिळाली. जिथे ते वाळवीने खाल्ले किंवा गळक्या छपराखाली भिजले, तिथे काय मिळणार?

शाळेच्या सगळ्याच रीती कौतुकाच्या नव्हत्या. पाण्याच्या रांजणाची रीत घ्या. रांजणातून पाणी कोणी घ्यायचे आणि कोणी ओंजळ धरून दुरून वरून ओतून प्यायचे, हे मुलाला अक्षरओळख होण्याआधी कळत असे. बसायचे ठिकाणही ठरलेले. ही रीत कोणत्या पुस्तकात लिहिलेली नव्हती, आणि म्हणूनच ती पुसायला कठीण गेली. १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली कायदाही झाला; पण रांजण काही त्या दिवशी हलला नाही. त्याच १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, शाळेत दाराबाहेर बसून शिकलेली मुले तिथे पोहोचली. त्यांच्यातल्या काहींनी पुढे जे लिहिले त्यात हा रांजण आहे. १९९५ च्या १५ ऑगस्टपासून शाळेत पोषण आहाराची योजना आली. आधी तांदूळ घरी नेत; सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ सालच्या आदेशानंतर शिजवलेली खिचडी पंगतीत मिळू लागली. एका पंगतीत सगळ्या गावची लेकरे बसतात, ही गोष्ट आता इतकी नेहमीची झाली आहे की तिचे कोणाला काही वाटत नाही. इतिहासाच्या माणसाला वाटते.

शिक्षकाविषयी महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्यात एक मार्मिक सूचना होती. प्राथमिक शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे लोकांत मिसळताना त्यांना संकोच वाटणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते मुंबई इलाख्यापुरते होते, आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. आपल्याकडे हा बदल घडायला फार वेळ लागला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि गावची शाळा त्यांच्याकडे गेली. त्यानंतर शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुले गुरुजी होऊन गावोगाव गेली. १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ निघाले आणि साऱ्या राज्याला एकच बालभारती मिळाली.

याच काळात आज आपण ज्यांना शाळेच्या रीती म्हणतो त्यातल्या पुष्कळ रूढ झाल्या. घंटा म्हणून टांगलेला रेल्वेरुळाचा तुकडा. शनिवारी सकाळची शाळा आणि तिच्यानंतर सारवण: मुलींनी शेण आणायचे, मुलांनी पाणी. (कामाची ही वाटणी कोणी केली, हे पुसण्याजोगे आहे.) फळा काळा करायला कोळशाची पूड आणि पानांचा रस. पाटी थुंकीने पुसू नये म्हणून गुरुजींचा ओरडा, आणि तरीही थुंकीनेच पुसलेली पाटी. पुस्तकात जपलेले मोराचे पीस आणि 'विद्ये'चे पान. पीस पिल्ले घालते अशी पक्की समजूत! आणि वरच्या वर्गातल्या मुलाकडून अर्ध्या किमतीला घेतलेले पुस्तक. पुस्तके आता सरकारच फुकट देते, त्यामुळे ही एक बाजारपेठ बसली.

दसऱ्याची पाटीपूजा मात्र जुन्या शाळेतून थेट नव्या शाळेत आली. पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढायची. एक हा आकडा आडवातिडवा मांडून देवी उभी करायची ही कल्पना कोणाला सुचली असेल कोण जाणे. पण ज्याला अजून चित्र काढता येत नाही आणि फक्त 'एक' येतो, त्या लेकरालाही देवी काढता यावी, ही त्यातली सोय मला फार आवडते. तशीच दुसरी एक जुनी रीत नवे नाव घेऊन परत आली आहे. पूर्वी मुलाला शाळेत घालताना वाजतगाजत नेत, पाटीची पूजा होई, गूळ-खोबरे वाटीत. आज जूनच्या मध्याला शाळेत प्रवेशोत्सव होतो. सजवलेल्या बैलगाडीतून पहिलीची मुले येतात, कोऱ्या कागदावर त्यांच्या पावलांचे ठसे घेतात, हातात नवे पुस्तक देतात. परिपत्रकात तो नवा उपक्रम असेल. आजीला विचारा, ती म्हणेल, 'आमच्या थोरल्याला असंच घातलं होतं शाळंत.'

काही दिवस असे की पंचांगात काहीही असो, शाळा ओस पडते. गंगाखेड-सोनपेठ-पालमच्या बाजूला वेळ अमावस्येला पाहा. सगळे गाव शिवारात, आंबील आणि भज्जी, आणि लेकरे झाडाखाली. शहाणे गुरुजी त्या दिवशी हजेरीची काळजी करीत बसत नाहीत. कोणाच्या तरी शेतात त्यांनाही आवतण असतेच.

पण एक ओस पडणे वेगळे आहे. प्रत्येक शाळेच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात वार, दिनांक, सुविचार, आणि खाली 'पट' आणि 'हजर' लिहितात. दिवाळी झाली की गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. आणि कोयत्याबरोबर बिऱ्हाड, बिऱ्हाडाबरोबर लेकरे. फळ्यावरचा पट तोच राहतो आणि हजरचा आकडा उतरत जातो. मागे आजी-आजोबांपाशी राहणाऱ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहे चालवतात. त्यांत पुष्कळ मुले राहतात. पण धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली पोर फडावर न्यावीच लागते, असे म्हणणारी आईही खोटे बोलत नसते. पटावर शिक्षकांची संख्या ठरते. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारने मांडला, तेव्हा वाड्या-तांड्यांवरचे गुरुजी आपापल्या फळ्याच्या त्या कोपऱ्याकडे पाहू लागले. मोठी शाळा, जास्त शिक्षक, चांगली साधने, हे म्हणणे चुकीचे नाही. परंतु तांड्यावरची सहा वर्षांची मुलगी पावसाळ्यात ओढा ओलांडून तिथे जाईल काय, हा प्रश्न नकाशावर दिसत नाही.

बाहेरगावी जाणाऱ्या मुलाला शाळा एक शिक्षण हमी कार्ड देते. त्यावर त्याची इयत्ता आणि त्याला काय काय येते ते लिहिलेले असते, म्हणजे फडाजवळच्या शाळेने त्याला बसवून घ्यावे. कारखान्याचे पट्टे पडले की मार्च-एप्रिलात टोळ्या परततात, साधारण गुढीपाडव्याच्या आगेमागे. अलीकडे शाळाही पाडव्यालाच 'पट वाढवा' म्हणून गावात फेरी काढतात. फेरी परतलेल्या बिऱ्हाडाच्या दाराशी थांबते. गुरुजी आधी ते कार्ड मागतात आणि उलटून पाहतात, की तिकडच्या शाळेची सही त्यावर आहे की नाही.